पायथनची लिस्ट: काढणं, कॉपी करणं, क्रम लावणं. कुठे चुकतं आणि का

शून्यांक (धागाकर्ता)

पायथन शिकताना सगळ्यात आधी हातात येते ती लिस्ट, आणि पुढे कितीही मोठं काम असलं तरी ती सुटत नाही. तरीही तिच्याबद्दलचे तेच ते प्रश्न सतत येतात: नोंदी काढल्या तरी काही उरतात, एक ओळ बदलली की सगळ्या ओळी बदलतात, सॉर्ट केल्यावर यादीच गायब होते. ही उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा धागा.

दोन गोष्टी पक्क्या डोक्यात असल्या की बहुतेक कोडी आपोआप सुटतात. लिस्टमध्ये ऑब्जेक्ट नसतात, ऑब्जेक्टचे पत्ते असतात. आणि हे पत्ते मेमरीत एकाला एक लागून, सलग ठेवलेले असतात. 'माझी मूळ यादी कशी बदलली?' याचं उत्तर पहिल्या गोष्टीत सापडतं. 'एवढा वेळ का लागतोय?' याचं उत्तर दुसऱ्या गोष्टीत.

धाग्यातला कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत आहे. चालवताना कीवर्ड, मेथडची नावं आणि आकडे रोमन लिपीत टाइप करा. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ पासून देवनागरीत ठेवली तरी चालतात.

सुरुवात सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नापासून करतो. हा कोड बघा:

यादी = [४, ७, ७, ९]
फॉर क्ष इन यादी:
    इफ क्ष == ७:
        यादी.रिमूव्ह(क्ष)

शेवटी यादीत [४, ७, ९] उरतं. एक ७ वाचला. फॉर लूप आतमध्ये फक्त एक क्रमांक धरून चालतो: ०, १, २ असा. क्रमांक ० वर ४ आहे, काही झालं नाही. क्रमांक १ वर ७ आहे, तो काढला. आता मागचं सगळं एक घर पुढे सरकलं, म्हणजे दुसरा ७ क्रमांक १ वर आला. लूप मात्र क्रमांक २ कडे गेला, तिथे ९ आहे. दुसऱ्या ७ कडे कुणी पाहिलंच नाही.

डिक्शनरी किंवा सेटवर लूप चालू असताना त्यातलं काही काढलं की 'रनटाइमएरर' येते. लिस्ट तेवढी दया दाखवत नाही, ती गुपचूप चुकीचं उत्तर देते. म्हणून हा दोष चाचणीत सहज निसटतो: शेजारी शेजारी दोन सारख्या नोंदी नसतील, तर सगळं बरोबर चाललंय असंच वाटतं.

पहिली ओळ

मग बरोबर पद्धत कुठली? यादीची कॉपी घेऊन तिच्यावर लूप फिरवला, म्हणजे फॉर क्ष इन यादी[:], तर उत्तर बरोबर येतं. तेच करायचं का?

कंसातला

उत्तर बरोबर येतं, पण ती पद्धत मी सुचवणार नाही. कारण रिमूव्ह दिलेली किंमत यादीच्या सुरुवातीपासून शोधते आणि जी पहिली सापडेल ती काढते. तुम्ही लूपमध्ये ज्या नोंदीवर उभे आहात तीच निघेल याची खात्री नाही. शिवाय तुलना == ने होते. पायथनमध्ये ट्रू == १ आणि १ == १.० हे दोन्ही खरं आहे, त्यामुळे [ट्रू, ५, १] मधून रिमूव्ह(१) केलं तर ट्रू निघतो आणि १ तसाच राहतो.

त्यात प्रत्येक रिमूव्ह म्हणजे एक शोध आणि मग मागच्या सगळ्या पत्त्यांची सरकासरक. हजारो नोंदी काढायच्या असतील तर हे फार महाग पडतं.

सरळ मार्ग असा, की जे ठेवायचं आहे त्याची नवी यादी करा:

यादी[:] = [क्ष फॉर क्ष इन यादी इफ क्ष != ७]

डावीकडच्या [:] कडे लक्ष द्या. ते नसेल तर 'यादी' हे नाव एका नव्या लिस्टला चिकटतं, आणि जुन्या लिस्टकडे बोट दाखवणाऱ्या इतर जागांना (दुसरं व्हेरिएबल, क्लासमधलं ॲट्रिब्यूट, ज्या फंक्शनने ती पाठवली ते) जुनाच माल दिसत राहतो. [:] असेल तर तीच लिस्ट राहते, फक्त आतला मजकूर बदलतो. कुठलं हवं ते विचार करून ठरवा, सवयीने टाइप करू नका.

जागेवरच काढायचं असेल आणि मोजक्याच नोंदी जाणार असतील, तर मागून पुढे या:

फॉर आय इन रेंज(लेन(यादी) - १, -१, -१):
    इफ यादी[आय] == ७:
        डेल यादी[आय]

मागून आल्यामुळे जे सरकतं ते आधीच तपासून झालेलं असतं, त्यामुळे काही सुटत नाही.

तिरपी रेघ

याचीच दुसरी बाजू: लूप चालू असताना त्याच यादीला ॲपेंड केलं तर लूप संपतच नाही. प्रत्येक फेरीला यादी एकाने वाढते आणि क्रमांक तिच्या मागे धावत राहतो. मेमरी भरेपर्यंत. नवीन नोंदी वेगळ्या यादीत गोळा करा आणि लूप संपल्यावर एक्स्टेंड करा.

पहिली ओळ

समजलं. पुढचा प्रश्न. ३ बाय ३ ची जाळी करायला जाळी = [[०] * ३] * ३ लिहिलं. मग जाळी[०][१] = ५ केलं, तर तिन्ही ओळींत ५ आला:

[[०, ५, ०], [०, ५, ०], [०, ५, ०]]

एकाच ओळीत का नाही?

शून्यांक

वर म्हटलेली पत्त्यांची गोष्ट ती हीच. * ने लिस्ट वाढवली की पत्ते पुन्हा लिहिले जातात, ऑब्जेक्ट नव्याने तयार होत नाहीत. तुमच्या जाळीत तीन ओळी नाहीत, एकाच ओळीचा पत्ता तीनदा आहे. आयडी(जाळी[०]) आणि आयडी(जाळी[१]) छापून बघा, आकडा एकच येईल.

आतल्या [०] * ३ मध्येही हेच होतं, तिन्ही घरांत एकाच शून्याचा पत्ता असतो. पण पूर्णांक बदलता येत नाही. तुम्ही त्या घरात ५ ठेवता तेव्हा शून्य बदलत नाही, घरातला पत्ता बदलतो. त्यामुळे तिथे त्रास होत नाही. बाहेरच्या पातळीवर बदलता येणारी लिस्ट आहे, म्हणून तिथे होतो.

उपाय, प्रत्येक ओळ वेगळी बनवणं:

जाळी = [[०] * ३ फॉर _ इन रेंज(३)]

हाच नियम [{}] * ५ ला आणि [सेट()] * ५ ला लागू होतो. * च्या आत बदलता येणारी गोष्ट असेल तर ती लिहू नका, एवढं पाळलं तरी पुरे.

अनुक्रमणिका

कॉपीचं दुखणंही ह्याच जागी आहे. ब = अ लिहिलं तर कॉपी होतच नाही, एकाच लिस्टला दोन नावं मिळतात. अ[:], लिस्ट(अ) आणि अ.कॉपी() या तिन्हींनी नवी लिस्ट मिळते, पण तिच्यात पत्ते जुनेच असतात. वरच्या पातळीवर ॲपेंड किंवा पॉप केलं तर मूळ यादी सुरक्षित. ब[०].ॲपेंड(१) केलं तर अ च्या आतलाही तोच ऑब्जेक्ट बदलतो. आतपर्यंत सगळं वेगळं हवं असेल तर कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी.

तिरपी रेघ

मग सरळ सगळीकडे डीपकॉपीच वापरावं, डोक्याला ताप नाही.

अनुक्रमणिका

नका वापरू. डीपकॉपी प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये शिरते, आधी कॉपी झालेल्यांची नोंद ठेवत जाते, आणि साध्या कॉपीच्या मानाने खूपच हळू चालते. शिवाय लिस्टमध्ये उघडी फाइल, लॉक किंवा डेटाबेसचं कनेक्शन असेल तर ती बहुधा एरर देऊन थांबते. यादीतल्या यादीसाठी [ओळ[:] फॉर ओळ इन जाळी] एवढं पुरतं, आणि वाचणाऱ्याला नेमकं कुठवर कॉपी केली तेही कळतं.

विसर्ग

पत्त्यांच्या याच मुद्द्यावरून फंक्शनमधल्या दोन जागा सांगून ठेवतो.

पहिली म्हणजे डिफॉल्ट आर्ग्युमेंट.

डेफ जोड(क्ष, यादी=[]):
    यादी.ॲपेंड(क्ष)
    रिटर्न यादी

जोड(१) ने [१] मिळतं, नंतर जोड(२) ने [१, २]. डेफची ओळ चालते तेव्हा ती रिकामी लिस्ट एकदाच तयार होते आणि फंक्शनसोबतच राहते. दर वेळी नवी मिळत नाही. म्हणून डिफॉल्ट नन ('काहीच नाही' सांगणारी किंमत) ठेवा आणि आत इफ यादी इज नन: यादी = [] लिहा. इथे इफ नॉट यादी असा आडमार्ग घेऊ नका. कुणी मुद्दाम स्वतःची रिकामी लिस्ट पाठवली असेल तर ती बाजूला पडेल आणि त्यांच्या लिस्टमध्ये काहीच येणार नाही.

दुसरी जागा += ची. यादी = यादी + [५] ने नवी लिस्ट बनते. यादी += [५] ने आहे तीच लिस्ट वाढते, म्हणजे ते एक्स्टेंडच आहे. फंक्शनला आलेल्या यादीवर += केलं तर बोलावणाऱ्याची यादी बदलते. आणि += उजवीकडे लूप फिरवता येईल असं काहीही स्वीकारतं: यादी += 'कमल' केलं तर 'क', 'म', 'ल' अशा तीन वेगळ्या नोंदी येतात. आख्खा शब्द हवा असेल तर ॲपेंड.

फंक्शनबाहेरच्या ग्लोबल यादीवर आत ॲपेंड चालतं, += चालत नाही, 'अनबाउंडलोकलएरर' येते. कारण += मध्ये नावाला पुन्हा किंमत देणं येतं, आणि फंक्शनमध्ये ज्या नावाला किंमत दिली जाते ते पायथन स्थानिक धरतो.

कंसातला

त्यात अजून एक भर. टपलमध्ये (म्हणजे एकदा केल्यावर न बदलणाऱ्या यादीत) लिस्ट असेल, टी = ([१],), आणि टी[०] += [२] केलं तर टाइपएरर येते. पण टी छापून बघा, आत [१, २] झालेलं असतं. आधी लिस्ट जागेवर वाढली, मग ती परत टपलच्या घरात ठेवायला गेल्यावर टपलने नकार दिला. एरर आली म्हणजे काहीच बदललं नाही, असं इथे धरून चालता येत नाही. टी[०].एक्स्टेंड([२]) लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

पहिली ओळ

यादी = यादी.सॉर्ट() केल्यावर पुढच्या ओळीत 'ननटाइप ऑब्जेक्ट हॅज नो ॲट्रिब्यूट ॲपेंड' असं येतं.

अनुक्रमणिका

सॉर्ट, ॲपेंड, एक्स्टेंड, इन्सर्ट, रिमूव्ह, रिव्हर्स, क्लिअर या सगळ्या मेथड यादी जागेवर बदलतात आणि नन परत देतात. फक्त पॉप काढलेली नोंद परत देतो. सॉर्टला = ने पकडायचं नाही. नवी यादी हवी असेल तर सॉर्टेड(यादी). सॉर्टेड लिस्टसोबत टपल, सेट, डिक्शनरीच्या की, फाइलमधल्या ओळी असं काहीही घेतं आणि नेहमी लिस्टच देतं.

शून्यांक

सॉर्टवर जरा सविस्तर लिहितो, कारण ही पायथनमधली फार विचारपूर्वक बांधलेली गोष्ट आहे आणि तिचा पूर्ण फायदा क्वचितच घेतला जातो.

यामागचा अल्गोरिदम टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिला, २.३ आवृत्तीत तो आला. नाव टिमसॉर्ट. तो यादीत आधीपासून क्रमाने असलेले तुकडे शोधतो आणि ते एकमेकांत विलीन करतो. यादी आधीच क्रमात असेल तर एका फेरीत काम संपतं. म्हणून जवळपास क्रमात असलेल्या यादीच्या शेवटी चार नोंदी जोडून पुन्हा सॉर्ट करणं वाटतं तितकं महाग नाही. ३.११ पासून तुकडे कुठल्या क्रमाने जोडायचे याची पद्धत सुधारली आहे, बाकी गाभा तोच.

तो स्थिर आहे. दोन नोंदींची 'की' (ज्या किमतीवरून क्रम लावायचा ती) सारखी असेल तर त्यांचा आपसातला मूळ क्रम टिकतो, रिव्हर्स=ट्रू दिलं तरीही. याचा उपयोग असा: गुण उतरत्या क्रमाने आणि गुण सारखे असतील तर नाव चढत्या क्रमाने हवं, तर आधी दुय्यम निकषाने सॉर्ट करा, मग मुख्य निकषाने. खालचं लॅम्डा म्हणजे जागेवरच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन.

मुलं.सॉर्ट(की=लॅम्डा म: म['नाव'])
मुलं.सॉर्ट(की=लॅम्डा म: म['गुण'], रिव्हर्स=ट्रू)

एकाच फेरीत करायचं तर की म्हणून टपल द्या: (-म['गुण'], म['नाव']). पण उणे चिन्हाची युक्ती फक्त संख्यांना लागते. स्ट्रिंग उलट्या क्रमाने हवी असेल तर दोन फेऱ्यांची पद्धतच बरी.

की चं फंक्शन प्रत्येक नोंदीसाठी एकदाच चालतं, प्रत्येक तुलनेला नाही. त्यामुळे त्यात तारीख वाचण्यासारखं जड काम ठेवलं तरी चालतं.

आता बिघडतं कुठे. आकडे स्ट्रिंग म्हणून आले असतील तर '१०' हा '९' च्या आधी येतो, कारण तुलना अक्षराअक्षराने होते. की=इंट द्या. इंट देवनागरी अंकांची स्ट्रिंगही वाचतो, म्हणजे फाइलमध्ये '१०' असं देवनागरीत असेल तरी वेगळं रूपांतर लागत नाही. यादीत कुठे नन असेल तर टाइपएरर, कारण नन आणि संख्येची < ने तुलना होत नाही. नन शेवटी ढकलायचे असतील तर:

की=लॅम्डा क्ष: (क्ष इज नन, ० इफ क्ष इज नन एल्स क्ष)

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे दशांश संख्यांमधला 'नॅन' ('ही संख्याच नाही' असं सांगणारी किंमत). त्याची कुठल्याही संख्येशी < ने तुलना केली की उत्तर फॉल्स. सॉर्ट एरर देत नाही, क्रम मात्र भलताच लागतो. आधी मॅथ.इझनॅन ने गाळून घ्या.

विसर्ग

मराठी शब्दांचा क्रम लावायचा असेल तर आणखी एक अडचण आहे. स्ट्रिंगची तुलना युनिकोडच्या क्रमांकांनी होते. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे सॉर्टेड(['कस', 'कळ', 'कवच', 'कल']) चं उत्तर कल, कळ, कवच, कस असं येतं. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर आहे, म्हणजे कळ शेवटी हवा. ॲ तर युनिकोडमध्ये फार उशिरा आला, त्याचा क्रमांक सगळ्या व्यंजनांच्या पुढे आहे. म्हणून 'ॲप' हा शब्द 'हात' च्याही खाली जाऊन बसतो.

छोट्या कामासाठी की मध्ये अदलाबदल पुरते:

की=लॅम्डा श: श.रिप्लेस('ळ', 'ऽ').रिप्लेस('ॲ', 'ऍ')

अवग्रहाचा क्रमांक ह च्या पुढे आणि काना, वेलांटी वगैरे मात्रांच्या आधी आहे, म्हणून तो ळ च्या जागी नेमका बसतो. ऍ हा ए च्या आधी स्वरांमध्ये आहे. शब्द बदलत नाहीत, अदलाबदल फक्त तुलनेपुरती. मजकुरात खरोखरच अवग्रह असतील तर हे चालणार नाही. आणि शब्दकोशाच्या दर्जाचा क्रम हवा असेल तर पायआयसीयू हे पॅकेज घ्या, त्यातल्या कोलेटरला मराठी लोकेल देऊन गेटसॉर्टकी ही मेथड की म्हणून वापरा.

पहिली ओळ

हे कुठेच वाचलं नव्हतं, आभार. आता वेगाबद्दल. रांगेसारखं काम आहे: शेवटी ॲपेंड, पुढून पॉप(०). यादी लाखाच्या घरात गेली की प्रोग्रॅम रेंगाळतो.

मोजमाप

पत्ते सलग ठेवलेले आहेत ही दुसरी गोष्ट इथे लागू होते.

शेवटी ॲपेंड स्वस्त आहे, कारण पायथन थोडी जास्त जागा आधीच घेऊन ठेवतो. सिस.गेटसाइझऑफ ने स्वतः बघता येईल. ६४ बिटच्या सीपायथनमध्ये (सी भाषेत लिहिलेल्या नेहमीच्या पायथनमध्ये), ३.९ किंवा पुढच्या आवृत्तीत, रिकामी लिस्ट ५६ बाइटची. पहिल्या ॲपेंडला ती ८८ होते, म्हणजे ८ बाइटची चार घरं. पाचव्या ॲपेंडला १२०, नवव्याला १८४, सतराव्याला २४८. मधल्या ॲपेंडना आकडा हलत नाही, घर आधीच तयार असतं. यादी मोठी झाली की दर वेळी सुमारे एक अष्टमांश जास्त जागा घेतली जाते. त्यामुळे जागा बदलण्याचा खर्च पुष्कळ ॲपेंडमध्ये वाटला जातो आणि सरासरी एक ॲपेंड स्थिर वेळेत, म्हणजे यादी कितीही मोठी असली तरी तेवढ्याच वेळात, होतो.

पुढच्या टोकाला असं काही नाही. पॉप(०) केलं की उरलेले सगळे पत्ते एक घर सरकवावे लागतात. इन्सर्ट(०, क्ष) चं तेच. एक लाखाची यादी पॉप(०) ने पूर्ण रिकामी करायची तर सुमारे ५०० कोटी पत्ते हलतात. सरकवण्याचं काम सी भाषेत आणि झपाट्याने होतं, म्हणून हजाराच्या यादीत काही जाणवत नाही. यादी दहापट झाली की हे काम शंभरपट होतं.

उपाय: कलेक्शन्स मॉड्यूलमधला डेक, म्हणजे दोन्ही टोकांनी भरता-काढता येणारी रांग. ॲपेंड आणि पॉपलेफ्ट दोन्ही स्थिर वेळेत. मॅक्सलेन=१०० दिलं तर शेवटच्या १०० नोंदी ठेवून जुन्या आपोआप गळतात. पण डेकच्या मधल्या नोंदीला क्रमांकाने हात घालणं हळू असतं आणि त्याला स्लाइस करता (यादी[२:५] सारखा तुकडा घेता) येत नाही. रांग असेल तर डेक, क्रमांकाने उड्या मारायच्या असतील तर लिस्ट.

इफ क्ष इन यादी हाही असाच छुपा खर्च आहे. लिस्टमध्ये तो पहिल्यापासून एकेक नोंद तपासतो. लाखाच्या यादीत लाख वेळा विचारलं की पुन्हा तुलना शेकडो कोटींत. लूपच्या बाहेर एकदा संच = सेट(यादी) करा आणि आत संचात विचारा. सेट(यादी) लूपच्या आत लिहू नका, मग दर फेरीला पूर्ण यादी वाचली जाते आणि आधीपेक्षा वाईट होतं. सेटमध्ये लिस्ट ठेवता येत नाही, 'अनहॅशेबल टाइप' येतं. आतल्या याद्यांचे टपल करा.

तिरपी रेघ

डुप्लिकेट काढायला लिस्ट(सेट(यादी)) ने क्रम जातो. लिस्ट(डिक्ट.फ्रॉमकीज(यादी)) ने पहिल्यांदा आलेल्या नोंदींचा क्रम टिकतो, ३.७ पासून डिक्शनरीचा क्रम भाषेनेच हमीचा केला आहे.

मोजमाप

बरोबर. अजून दोन ठिकाणी असाच वर्गाच्या पटीत वाढणारा खर्च लपलेला असतो. यादींची यादी सपाट करायला सम(याद्या, []) लिहिलेलं दिसतं. प्रत्येक बेरजेला आत्तापर्यंतचं सगळं नव्या लिस्टमध्ये उतरवलं जातं. १०० नोंदींच्या १००० याद्या असतील तर शेवटी लाख नोंदी मिळतात, पण वाटेत सुमारे ५ कोटी पत्ते उतरवून होतात. लिस्ट(चेन.फ्रॉम_इटरेबल(याद्या)) वापरा, चेन इटरटूल्समध्ये आहे. दुसरं म्हणजे रिकर्शनमध्ये (फंक्शन स्वतःलाच बोलावतं तेव्हा) यादी[१:] पाठवणं. स्लाइस म्हणजे कॉपी. यादी तीच ठेवा आणि क्रमांक पुढे पाठवा.

अनुक्रमणिका

स्लाइसचा विषय निघालाच आहे तर: यादी[५०] मर्यादेबाहेर असेल तर इंडेक्सएरर येते, पण यादी[५०:६०] गुपचूप रिकामी लिस्ट देते. यामुळे चूक पुढे कुठेतरी लांबवर दिसते.

शेवटच्या न नोंदी घेण्यासाठी यादी[-न:] सगळेच लिहितात. न ची किंमत ० झाली की ते यादी[०:] होतं, म्हणजे काहीच न मिळण्याऐवजी आख्खी यादी मिळते. न बाहेरून येत असेल तर यादी[लेन(यादी) - न:] करा. पण न यादीपेक्षा मोठा असेल तर वजाबाकी उणे होते आणि पुन्हा चुकीचा तुकडा मिळतो. म्हणून पूर्ण उत्तर:

यादी[मॅक्स(०, लेन(यादी) - न):]

कंसातला

आकडेमोड मोठी असेल तर लिस्टचा हट्ट धरू नये हेही सांगायला हवं. दहा लाख मोठ्या पूर्णांकांच्या लिस्टमध्ये पत्त्यांचेच ८० लाख बाइट, आणि प्रत्येक पूर्णांकाचा ऑब्जेक्ट साधारण २८ बाइटचा, म्हणजे आणखी २ कोटी ८० लाख. गेटसाइझऑफ फक्त पहिला भाग दाखवतो, त्यावरून फसू नका. नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजच्या ६४ बिट ॲरेत तेच आकडे ८० लाख बाइटमध्ये मावतात आणि बेरीज, गुणाकार लूपशिवाय होतात.

फक्त सवयी तशाच घेऊन जाऊ नका. लिस्ट * २ ने यादी दोनदा येते, नमपाय ॲरे * २ ने प्रत्येक आकडा दुप्पट होतो. लिस्टची स्लाइस ही कॉपी, नमपायची साधी स्लाइस ही त्याच मेमरीवरची खिडकी. तुकडा बदलला की मूळ ॲरे बदलतो. वेगळा हवा तर .कॉपी().

पहिली ओळ

एक शेवटचा प्रश्न. फाइलमधून गावांची नावं वाचून लिस्ट केली. छापल्यावर नाव डोळ्यांना तंतोतंत तेच दिसतं, पण इफ नाव इन यादी फॉल्स देतं. इंग्रजी नावांना असं होत नाही.

विसर्ग

आधी रेप्र(नाव) छापा. शेवटी ओळतोड किंवा स्पेस दिसली तर .स्ट्रिप() ने काम होईल. तिथे काही नसेल तर ॲस्की(नाव) छापून प्रत्येक चिन्हाचा क्रमांक बघा, आणि यादीतल्या नावाचाही बघा.

देवनागरीत एकच दिसणारा मजकूर वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिलेला असू शकतो. ऱ हे एक चिन्ह म्हणूनही असतं, आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असं दोन चिन्हांनीही. पायथनसाठी या दोन वेगळ्या स्ट्रिंग आहेत. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ('एनएफसी', नाव) हे दोन्ही एकसारखे करतं. यादीवर आणि शोधायच्या नावावर, दोन्हीकडे चालवा. एकाच बाजूला चालवून उपयोग नाही.

'दऱ्या' मधला ऱ्य आणखी एका प्रकारे टाइप होतो: र, हलन्त, मग न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आणि य. हा प्रकार नॉर्मलाइझने एक होत नाही. तो रिप्लेसने स्वतः बदलावा लागतो, र, हलन्त आणि जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. मजकुरातले सगळे जोडक सरसकट उडवू नका, नाहीतर 'दऱ्या' चा 'दर्या' होईल.

आणि नावाचे तुकडे करायला लिस्ट(नाव) वापरत असाल तर तेही थांबवा. लिस्ट('नमस्ते') ची लांबी ६ येते: न, म, स, हलन्त, त, मात्रा. ती उलटी करून जोडली की मात्रा भलत्याच व्यंजनाला चिकटतात. मात्रा व्यंजनासोबत राहायला हव्या असतील तर रेजेक्स हे वेगळं पॅकेज बसवा आणि त्यात बॅकस्लॅश (उलटी तिरपी रेघ) व कॅपिटल एक्स हा पॅटर्न फाइंडऑलला द्या. पायथनसोबत येणाऱ्या आरई मॉड्यूलमध्ये हा पॅटर्न नाही.